फील्डबुकातलं एकेचाळिसावं पान

रोज दुपारी सव्वाबाराला आमच्या घरामागचा डोंगर फोडला जायचा. त्याआधी तीन भोंगे होत. पहिल्या भोंग्याला आई गॅस बंद करायची, दुसऱ्याला मांडणीवरच्या काचेच्या बरण्या भिंतीकडे सरकवायची आणि तिसऱ्याला कणकेचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहायची. मग जमिनीला एक हिसका बसायचा, ताटाळ्यातली ताटं किणकिणायची आणि आई म्हणायची, "झालं एकदाचं." अर्ध्या तासाने धूळ यायची. आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याला कंपनीने बांधलेल्या बैठ्या घरांच्या रांगेत आमचं घर शेवटून दुसरं. दोरीवरचे कपडे, खिडक्यांच्या जाळ्या, अगदी वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा पिठात घोळवल्यासारख्या दिसायच्या. आईला घर पुसायचं वेड, आणि नशिबाने तिला नेमकं कधीच पुसून न होणारं घर मिळालं होतं. बाबा म्हणायचे, अगं, त्या डोंगरावरच आपली चूल पेटते. यावर आई फडकं इतक्या जोरात पिळायची की उत्तर मिळायचं.

बाबा त्या खाणीत सर्व्हेअर होते. कुठवर फोडायचं, किती फोडलं, उतार किती ठेवायचा, सगळं त्यांच्या मापावर चालायचं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पिवळ्या पुठ्ठ्याचं फील्डबुक असे, प्रत्येक पानावर छापील नंबर असलेलं. त्या वहीचे नियम आमच्या घरात आरतीच्या वेळेपेक्षा कडक पाळले जात. पान फाडायचं नाही. खोडरबर लावायचा नाही. जागेवर उभं राहून लिहिलं तेच खरं, घरी येऊन आठवून लिहिलेलं खोटं. यंत्र लावायच्या जागी खडकात एक खिळा ठोकायचा आणि आजूबाजूच्या तीन ठळक खुणांपासून तो खिळा किती अंतरावर आहे हे टेपने मोजून त्याचं चित्र वहीत काढायचं. उद्या खिळा मातीखाली गेला तरी त्या तीन खुणांवरून तो शोधता येतो. बाबांनी मला हे सातवीतच शिकवलं होतं, का ते विचारू नका. इतर मुलींचे बाप त्यांना सायकल शिकवत होते.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात खाणीला वरच्या अंगाला वाढायचं होतं. वर, खूप उंचावर, डोंगराच्या खांद्यावर एक ओसाड वस्ती होती. परवानगी देणाऱ्या कचेरीने सांगितलं की आधी वस्तीची नोंद करा, मगच काय ते ठरवू. त्यासाठी मार्गारेट नावाच्या एक इंग्रज बाई आल्या. उन्हाने नाक सोललेलं, पायात मोठे बूट, बोलणं तुटक. त्यांना नकाशासाठी मापं घेणारा माणूस हवा होता आणि कंपनीने मोठ्या मनाने बाबांना दिलं. मन कसलं मोठं, आपला माणूस तिथे असावा इतकाच हिशेब. बाबांनी मला बरोबर घेतलं, कारण माझं चित्र स्वच्छ होतं आणि घरात मी आईशी सारखी भांडत होते. शुक्रवारी सकाळी जीपने निघायचं, रस्ता संपला की तासभर चढायचं. जमाल यंत्राची तिपाई खांद्यावर घ्यायचा. हा बाबांचा खलाशी, म्हणजे टेप धरणारा, खांब रोवणारा माणूस. चाळिशीतला पठाण, पेशावरकडचा, अकरा वर्षं बाबांबरोबर होता. दशम्या, लसणीची चटणी आणि चहाचा थर्मास माझ्याकडे.

मला वाटलं होतं वर काहीतरी भव्य असेल. होती नुसती दगडांची रास. मार्गारेटबाईंनी मला हाताला धरून ती रास वाचायला शिकवलं. हे शेत, पावसाचं पाणी अडवून माती धरून ठेवलेलं, यात जव पिकायचा. हा पाण्याचा हौद. हे घर जमिनीत निम्मं पुरलेलं, जाड भिंतींचं, आणि आत माणसाएवढे मातीचे रांजण. दार इतकं लहान की रांजण त्यातून बाहेर निघूच शकत नाही, कारण आधी रांजण ठेवून मग त्यांच्याभोवती घर बांधलेलं. उन्हाळ्यात माणसं शेळ्यामेंढ्या घेऊन खाली खजुराच्या बागांकडे उतरायची आणि धान्य असं कुलपात ठेवून जायची. चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांमागे सगळे धावतात, बाई म्हणायच्या, पण दोन-तीनशे वर्षांपूर्वी इथे मेंढ्या राखणाऱ्यांची दखल कोणी घेत नाही, आणि ती माणसं तर अजून जिवंत आहेत. मेंढवाड्याच्या जमिनीत त्यांनी एक सरळ चर खणला होता. त्यात लेंड्यांचे आणि राखेचे थर दिसत, आणि त्या एकेक थर चाळून पिशव्यांत भरत. आईने त्यांचं नाव लेंडीवाली बाई ठेवलं. एकदा मात्र आई स्वतः वर आली, धापा टाकत, साडी खोचून. मेंढवाड्याच्या कडेला एक बुटकी खोपी होती, ती कसली यावर बाई दोन शुक्रवार डोकं खाजवत होत्या. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, कोकरांची. दार बुटकं म्हणजे मेंढी बाहेर राहते, पिल्लू आत जातं, दूध काढेपर्यंत. आईचं माहेर दहिवडीकडचं, धनगरांचे तळ तिने लहानपणापासून पाहिलेले. बाईंनी ते आईच्या नावासकट वहीत लिहिलं. घरी आल्यावर आईने शेजारच्या दोन घरांत ही गोष्ट सांगितली.

अबू सालेम आला तो चौथ्या शुक्रवारी. सत्तरीचा, वाळका, कमरेला कट्यार नव्हती, हातात छोटी कुऱ्हाड, तिकडच्या डोंगरातली माणसं बाळगतात तशी. ती वस्ती त्याच्या घराण्याची. त्याने आम्हाला खजूर दिले, किटलीतून गहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, दिला आणि मग शेताच्या पूर्वेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्या आईची कबर तिथे होती. तो लहान असताना ती हिवाळ्यात वरच गेली, खाली न्यायला रस्ता नव्हता, म्हणून तिथेच पुरली. त्यांच्यात कबरीवर नाव लिहीत नाहीत. डोक्याशी एक उभा दगड, पायांशी एक. बाईमाणूस असेल तर मध्ये तिसरा, लहान. तो दोन वर्षांनी वर आला होता आणि तिथे दगड नव्हते. तो वाकून पायाने माती चाचपू लागला. चार पावलं इकडे, चार तिकडे. कबर सापडली तर तो सगळा उतार वाचणार होता, हे मार्गारेटबाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. मेंढवाडे आणि रांजण यांच्यासाठी कोणी खाण थांबवली नसती.

मी बाबांकडे पाहिलं ते सहज, चहा देऊ का विचारायला. ते शेताच्या कडेला असलेल्या खांबाकडे बघत होते. तो खांब त्यांचाच. खाणीची मापं वरपर्यंत न्यायला सहा महिन्यांपूर्वी त्यांनी तिथे खिळा ठोकला होता आणि नंतर मॅनेजरने पक्का खांब मागितला म्हणून जमालने घाईघाईत खिळ्यावर दगड रचून सिमेंट लावलं होतं, चुना फासला होता, वर लाल नंबर घातला होता. जमालही त्या खांबाकडेच बघत होता. चुन्याखालीसुद्धा दिसत होतं की तीन दगड इतरांसारखे नाहीत, लांबट आहेत. बाबांनी भराभर यंत्र पेटीत घातलं आणि आम्ही उतरलो.

घरी चहाच्या वेळी बाबांनी जुनं फील्डबुक काढलं आणि आईसमोर उघडलं. पान एकेचाळीस. खिळा मध्ये, आणि त्याच्या तीन खुणा म्हणून तीन उभे दगड, प्रत्येकाची खिळ्यापासूनची दिशा आणि अंतर, शिवाय एकमेकांपासूनचं अंतर, सेंटिमीटरपर्यंत. बाबांनी आपल्याच खुणांचा आपलाच खांब रचू दिला होता. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्यांनी त्याला महिनाभर फैलावर घेतलं असतं. घाई होती, उन्हाचा कडाका होता, मी पाठ वळवून आकडे लिहीत होतो, असं ते सांगत राहिले. आईने विचारलं, हे पान आणखी कोणी पाहिलंय? बाबा म्हणाले, नाही. मग आई म्हणाली, "फाडा ते."

"पानांना नंबर आहेत."

"आपल्यालाही आहेत. व्हिसावर. त्यातला एक गेला की तिघांचे जातात."

बाबा म्हणाले, पुढच्या शुक्रवारी वर सगळे जमणार आहेत, मॅनेजर, कचेरीचे अधिकारी, तो म्हातारा. तिथे मी हे पान दाखवणार. आई उठून भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी ते फील्डबुक उचललं आणि माझ्या नकाशाच्या कागदांच्या कापडी पिशवीत, अगदी तळाशी घातलं. का, ते सरळ सांगते, आता लपवण्यात अर्थ नाही. मला तिथून जायचं नव्हतं. परत जायचं म्हणजे साताऱ्याला काकांच्या दोन खोल्यांत, काकू मोजून पोळ्या वाढणार, बाबा नोकरीसाठी कोणाकोणाच्या दारात उभे राहणार. माझी बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर होती. आणि मला वाटलं, म्हाताऱ्याची आई तर मेलेलीच आहे. हे मी तेव्हा अगदी याच शब्दांत मनाशी म्हटलं होतं. आज पन्नाशी उलटल्यावर, माझी स्वतःची आई गेल्यावर, ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बाबांनी घर उलटंपालटं केलं. कपाटं, गादीखाली, ऑफिसचा डबा, सगळं. मला विचारलं, शुभा, तू पाहिलंस का? मी नाही म्हणाले, मान वर न करता, प्रमेय लिहीत. मग त्यांचा संशय जीपवर गेला आणि जीप जमालच्या ताब्यात. बाबा त्याला ओरडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जमालने जीपच्या सीटा काढल्या, खालची माती चाळली, आमच्या अंगणातच, आणि मी खिडकीतून बघत होते. दुपारचे तीन भोंगे झाले, डोंगर फुटला, ताटं वाजली, आणि तो जीपखाली तसाच आडवा होता. बुधवारी तो दारात येऊन म्हणाला, साहब, मैंने नहीं खोया, क़सम से. बाबा म्हणाले, ठीक है, पण त्याच्याकडे न बघता. मी त्या दिवशी जेवले नाही. आईने सुरमई तळली होती आणि का जेवत नाहीस असं तिने विचारलं नाही. आईला माहीत होतं की काय, हे कोडं मला कधीच सुटलं नाही. घराचा कोपरान् कोपरा पुसणाऱ्या त्या बाईने त्या आठवड्यात माझ्या टेबलाला फडकं लावलं नाही.

शुक्रवारी वर गेलो. नकाशे दाखवायचे असल्याने पिशवी माझ्या खांद्यावर, आणि आत ते. वर मॅनेजर आधीच आले होते, चकचकीत बूट, चेहरा घामाने डबडबलेला. कचेरीचे अधिकारी पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यात, शांत. अबू सालेम खडकावर बसला होता. मार्गारेटबाईंनी नोंदी वाचून दाखवल्या आणि कबरीचा उल्लेख केला. मॅनेजर म्हणाले, कुठे आहे कबर? दाखवा की. म्हातारा भरपाईसाठी रचून सांगतोय, अशा गोष्टी आम्ही रोज ऐकतो. ते हिंदीत बोलले आणि मग अधिकाऱ्यांसाठी अरबीत. अबू सालेमला दोन्ही कळलं. तो उठला नाही, त्याने आवाज चढवला नाही, फक्त हातातली कुऱ्हाड जमिनीवर आडवी ठेवली. त्याला इतक्या लोकांसमोर खोटारडा म्हटलं होतं, आणि तेही आईच्या नावावर.

"वो सच बोल रहा है," बाबा म्हणाले. "पत्थर मैंने निकलवाए. वो मेरे खंबे में हैं."

मॅनेजरांनी बाबांकडे असं पाहिलं की मला वाटलं ते हात उचलतील. अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बाबांना विचारलं, नेमके कुठून काढले? बाबा म्हणाले, लिहून ठेवलं होतं, पण ती वही हरवली. मग मॅनेजर हसले. खलास, म्हणाले, दगड कुठलेही असू शकतात, हा माणूस गोंधळलाय, उद्या ऑफिसमध्ये बोलू. तेव्हा अबू सालेम उठून बाबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा मारणार. त्याने हात पसरून सगळं शेत दाखवलं आणि विचारलं, "मेरा उम्मी किधर?"

बाबांनी अंदाजाने एक जागा दाखवली, मग दुसरी, मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला. जन्मभर सेंटिमीटरने बोलणारा माणूस, आणि त्याला सांगता येत नव्हतं. माझ्याने ते बघवेना. मी पिशवी उघडली, नकाशे बाहेर काढले, वाऱ्याने दोन उडाले ते उडू दिले, आणि तळातून वही काढून बाबांच्या हातात दिली. म्हणाले, "माझ्याकडे होती, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थप्पड खायची तयारी ठेवली होती. त्यांनी पान उघडलं, वही मला परत दिली आणि म्हणाले, "वाच. सावकाश. एक माप दोनदा."

जमालने घणाने खांब फोडला. चुना पडला, सिमेंट पडलं, आणि खिळा जिथल्या तिथे निघाला. बाबांनी टेपचं टोक खिळ्यावर धरलं, दुसरं जमालने. मी होकायंत्राची दिशा आणि अंतर वाचत गेले. पहिला दगड, तीन मीटर बारा. पुन्हा, तीन मीटर बारा. दुसरा, चार मीटर सत्तर. दोन्ही दगड मातीत आपापल्या खाचेत बसले, माती उकरल्यावर जुन्या खळग्या तिथे होत्याच. मार्गारेटबाई गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडत होत्या आणि त्यांच्या सोललेल्या नाकावरून पाणी वाहत होतं. तिसऱ्या, लहान दगडाला जमालने हात घातला तेव्हा अबू सालेमने त्याला बाजूला केलं. तो दगड त्याने स्वतः उचलला, झग्याने पुसला आणि मी वाचलेल्या मापावर ठेवला. मग तो उभा राहून तोंडातल्या तोंडात बोलत राहिला आणि आम्ही सगळे, मॅनेजरसुद्धा, गप्प उभे राहिलो. बाबांना तो काहीच म्हणाला नाही. माफही केलं नाही, शापही दिला नाही. अधिकाऱ्यांनी तिथेच कागदावर लिहिलं की खाणीची हद्द या उताराच्या खाली राहील.

बाबांना रविवारी पत्र मिळालं आणि महिन्याभरात आम्ही साताऱ्याला होतो. काकूंनी पोळ्या मोजल्या नाहीत, तो माझा उगाच संशय होता, पण बाकी सगळं मी भ्याले होते तसंच झालं. मी दहावीला एक वर्ष उशिरा बसले. बाबांना धड नोकरी लागायला दोन वर्षं गेली. आईने कधी एका शब्दानेही त्यांना दोष दिला नाही, आणि तिचा हा गप्पपणा त्यांना किती जड गेला ते मी पाहिलं आहे. हे सगळं लिहिताना मला आठवतं ते मात्र त्या शुक्रवारचंच, सगळे उतरून गेल्यानंतरचं.

मॅनेजर आणि अधिकारी पुढे निघून गेले होते. बाबा मेंढवाड्याच्या भिंतीवर बसले, वही गुडघ्यावर उघडली आणि एकेचाळिसाव्या पानाखाली लिहू लागले. तारीख, कोण हजर होतं, दगड कशावरून बसवले. मग वही माझ्याकडे केली.

"वही आठवडाभर कुठे होती ते लिही. आणि जमालचा काही दोष नव्हता, ते पण."

मी लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं. जमालला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तो तिपाई बांधत आमच्याकडे बघत होता. बाबांनी त्याला जवळ बोलावलं आणि मी लिहिलेलं एकेक वाक्य हिंदीत वाचून दाखवलं. वही माझ्या मुलीने लपवली. जमालने हरवली नाही. मी त्याला उगाच बोललो. शेवटचं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

जमाल खाली बघत म्हणाला, "बच्ची है, साहब. इसका नाम मत लिखो."

"बच्ची होती तो माप इससे नहीं पढ़वाता," बाबा म्हणाले, आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.